राष्ट्रीय सोसायटीच्या अधिवेशनाला शाखेची प्रतिनिधी म्हणून जातेय, सर्वसाधारण सभेत मत कसं द्यायचं?

मसाई_पठार

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय पण वाचा प्लीज, नागपूरला निघायच्या आधी मला हे नीट समजून घ्यायचंय.

मी कोल्हापूरजवळच्या एका विनाअनुदानित कॉलेजात बॉटनी शिकवते. आमच्या विषयाची एक जुनी राष्ट्रीय सोसायटी आहे, तिची मी आजीव सभासद, आणि यंदाच्या वार्षिक अधिवेशनाला आमच्या कोल्हापूर शाखेनं प्रतिनिधी म्हणून माझं नाव कळवलंय. पोस्टर लावणं, पेपर वाचणं, चहाच्या रांगेत ओळखी काढणं हे सगळं सवयीचं आहे, पण शाखेच्या वतीनं सर्वसाधारण सभेत बसायची जबाबदारी पहिल्यांदाच आलीय, आणि आलीय ती नेमकी अशा वर्षी जेव्हा विषयपत्रिका साधी नाहीये.

मागचं इतिवृत्त, अहवाल, हिशेब, नवीन कार्यकारिणी हे नेहमीचे विषय आहेतच. त्यानंतर विषय क्रमांक ५, सोसायटीचं त्रैमासिक जर्नल पाच वर्षांसाठी एका परदेशी प्रकाशन कंपनीकडे देणे. आणि ६ वा घटनादुरुस्तीचा, म्हणजे कौन्सिलवर शाखांच्या ज्या जागा आहेत त्या काढून सगळ्याच जागा देशभरातून ऑनलाइन मतदानानं भरायच्या. मेलमध्ये दोन्ही विषयांवर चार-चार ओळी आहेत, कराराचा मसुदा नाही, काही नाही.

शाखेची मीटिंग रविवारी राजारामपुरीत झाली, जोरात झाली. ज्येष्ठ सरांचं म्हणणं कंपनीकडे गेलं की जर्नलला इम्पॅक्ट फॅक्टर (लेखांचे संदर्भ सरासरी किती घेतले जातात तो आकडा) येईल, वेळेवर निघेल, पोरांना नोकरीत उपयोग होईल. आम्हा कॉलेजवाल्यांचं म्हणणं की मग ते आम्हालाच वाचायला मिळणार नाही, आणि आजऱ्यात किंवा दाजीपूरला एखादी वनस्पती पहिल्यांदा सापडली अशी दीड पानाची नोंद तिथं कोण छापणार. शेवटी वेळ संपला आणि सगळे म्हणाले, मॅडम तुम्ही तिथं जाऊन ऐका आणि योग्य वाटेल तसं करा. हे मला बरोबर वाटत नाहीये. मत माझं एकटीचं नाही, शाखेतल्या त्या सगळ्यांचं आहे ज्यांना रजा आणि भाडं परवडत नाही म्हणून येता येत नाही.

तर मी शाखेकडून लेखी काही घेऊन जावं का, घेतलं तर त्यात काय असावं, आणि तिथलं ऐकून माझं मत बदललं तर काय करायचं? हिशेबात नेमकं काय बघायचं? आणि अजून एक, माझं पोस्टर मसाई पठारावरच्या सीतेच्या आसवांवर, म्हणजे युट्रिक्युलारिया या किडे खाणाऱ्या वनस्पतीवर आहे आणि पोस्टर सेशन अन् सभा एकाच संध्याकाळी लागून लावलीयेत, दोन्हीकडे कशी उभी राहू?

जुना_खजिनदार

ताई, आधी अभिनंदन. शाखेनं विश्वासानं नाव दिलंय आणि तुम्ही ते मनावर घेतलंय हे वाचूनच बरं वाटलं. मी अशाच एका सोसायटीच्या शाखेचा बरीच वर्षं खजिनदार होतो, आता रिटायर आहे, उचगावला असतो.

कोल्हापूरच्या माणसाला खरं तर सभा शिकवायला लागत नाही. कारखान्याची, दूध संस्थेची, सोसायटीची वार्षिक सभा आपण लहानपणापासून बघतोय, सूचक अनुमोदक काय, ऐनवेळचे विषय काय, मागच्या रांगेतून मंजूर-मंजूर कसं येतं सगळं ठाऊक असतं. शास्त्रज्ञांची सभा काही वेगळी नसते, फक्त तिथं कुणी ओरडत नाही. गप्प बसून मंजूर होतं. दिवसभर सेशन ऐकून लोक दमलेले असतात, काहींची रात्रीची गाडी असते, काही जण बाजारात गेलेले असतात, आणि शेकड्यानं नोंदणी झालेल्या अधिवेशनात सभेच्या हॉलमध्ये पुढच्या चार-पाच रांगा भरलेल्या असतात. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, नसला तरी बऱ्याच सोसायट्यांच्या नियमात असतं की सभा तहकूब करायची आणि अर्ध्या तासानं त्याच जागी पुन्हा घ्यायची, तेव्हा कोरमची अट राहत नाही. म्हणजे जे बसलेत तेच ठरवतात. म्हणून बसणाऱ्याला वजन आहे, हे आधी डोक्यात पक्कं करा.

आता हिशेब. अहवाल हातात आला की शेवटून वाचायला घ्या, ऑडिटरची सही, त्याचे शेरे, मग ताळेबंद. तुमच्यासारख्या आजीव सभासदांची फी कुठं जमा दाखवलीय बघा. ती एकदाच येते आणि सोसायटीला तुम्हाला जन्मभर सेवा द्यायची असते, म्हणून चांगली सोसायटी ती कायम निधीत टाकते, एफडी करते आणि फक्त व्याज वापरते. कायम निधी मागच्या वर्षीपेक्षा कमी झालाय का, एफडी मोडलीय का, हे दोन आकडे शेजारी ठेवले की दिसतं. नंतर जर्नलचा खर्च स्वतंत्र दाखवलाय की 'छपाई व इतर' मध्ये ढकललाय ते बघा. हे तुमच्या ५ व्या विषयासाठी फार महत्त्वाचं आहे, कारण जर्नल परवडत नाही म्हणून कंपनीला देतोय असं जर स्टेजवरून सांगणार असतील तर ते किती परवडत नाही हा आकडा सभेपुढं यायला पाहिजे. छपाईला किती, पोस्टेजला किती, वर्गणीतून किती परत आले. तुम्ही फक्त हा प्रश्न विचारा, शांतपणे, बाकी काही बोलला नाहीत तरी चर्चा जमिनीवर येते.

प्रश्न आठवडाभर आधी सेक्रेटरींना लेखी मेल करा. सभेत अचानक विचारलं की 'माहिती घेऊन कळवतो' असं उत्तर येतं आणि विषय पुढं सरकतो, आधी पाठवलं असलं की तसं म्हणता येत नाही. आणि मेलची प्रिंट जवळ ठेवा.

दसरा_चौक_सीए

मसाई_पठार मॅडम, नियमांबद्दल थोडं, कारण इथं बऱ्याच जणांचा गोंधळ असतो.

अधिवेशनाची रजिस्ट्रेशन फी भरली, गळ्यात डेलिगेटचं कार्ड आलं, म्हणून सर्वसाधारण सभेत मत मिळत नाही. मत सभासदत्वामुळं मिळतं. तेव्हा आजीव सभासद क्रमांक आणि पावतीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, हजेरीपटावर सही करताना तोच क्रमांक लिहा. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याच्या १५ व्या कलमात स्पष्ट आहे की ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकलीय त्याला मत देता येत नाही आणि सभासद म्हणून मोजताही येत नाही. तुम्ही आजीव आहात म्हणून तुम्हाला प्रश्न नाही, पण तुमच्यासोबत शाखेतले वार्षिक सभासद येणार असतील तर त्यांना आजच वर्गणी भरायला सांगा.

दुसरं, सोसायटी कुठं नोंदलीय ते बघा. १८६० चा कायदा केंद्राचा असला तरी कर्नाटकात १९६० चा, पश्चिम बंगालात १९६१ चा, तामिळनाडूत १९७५ चा स्वतःचा कायदा आहे. महाराष्ट्रात नोंदणी असेल तर त्याबरोबर १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा पण लागतो, कार्यकारिणी बदलली की धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो.

तुमचा ६ वा विषय. संस्थेचे उद्देशच बदलायचे असले तर १८६० च्या कायद्यात कलम १२ आहे, प्रस्ताव लेखी स्वरूपात सभेच्या १० दिवस आधी सभासदांकडे पोचला पाहिजे, तीन पंचमांश मतं पाहिजेत आणि महिनाभरानं दुसरी विशेष सभा घेऊन तिथं पुन्हा तीन पंचमांश. पण कौन्सिलवर कोण बसणार, मतदान कसं घ्यायचं हे सहसा नियमावलीत असतं आणि ती बदलायची रीत त्या नियमावलीतच लिहिलेली असते. ती मागवून घ्या, तुमचा तो हक्क आहे. चार ओळींच्या सूचनेवर दुरुस्ती मंजूर करता येते का याचं उत्तर तिथंच मिळेल, जुना नियम आणि नवा नियम शेजारी-शेजारी छापून दिले नसतील तर तेवढ्यावरूनच विषय पुढच्या सभेत घ्यावा अशी मागणी करता येते.

विरोध करायचा ठरला तर हात वर करून थांबू नका. 'माझा विरोध नावासह इतिवृत्तात नोंदवावा' असं म्हणा. नुसता हात कागदावर येत नाही.

कंदीलपुष्प_पीएचडी

मॅडम पोस्टरचं टेन्शन अजिबात घेऊ नका, मी पण येतोय नागपूरला, महाराष्ट्र एक्सप्रेसनंच, आमच्या ग्रुपमधली अजून दोघं हायेत. माझं पोस्टर दुसऱ्या दिवशी आहे त्यामुळं तुमच्या पोस्टरपाशी मी उभा राहतो. मला फक्त आधी एकदा सगळं समजावून सांगा, युट्रिक्युलारियाच्या पिशव्या किडे कशा ओढून घेतात ते मला येतंय, तुमचा पठारावरचा डेटा काय आहे तेवढं सांगा. जज कधी येतात ते विचारून ठेवा, ते आले की मी फोन करतो, सभेचा हॉल लांब नसला तर पाच मिनिटांत याल. आणि पोस्टर फ्लेक्सवर काढू नका बरं का, गुंडाळून नेलं की कडा वळतात आणि स्टँडवर नीट बसत नाही, कापडावर छापून मिळतं बघा, घडी घालून बॅगेत बसतं, प्रवासात बर्थवर ती लांब नळी सांभाळत बसायला लागत नाही.

पण मला खरं बोलायचंय ते जर्नलवर. आमच्यासारख्यांचं पहिलं काम तिथंच छापून येतं हो. माझ्या सिनियरनं आंबा घाटातल्या एका गवताची नोंद केली होती, मोठ्या जर्नलनं दोन दिवसांत परत पाठवली, लोकल इंटरेस्ट म्हणून. सोसायटीच्या जर्नलनं रिव्ह्यूला पाठवली, रिव्ह्यूअरनं हर्बेरियम शीटचा (वाळवून जपलेल्या नमुन्याचा) नंबर मागितला, फुलाचा फोटो परत काढायला लावला, पाकळीच्या आतली लव दिसत नाही म्हणून, आणि मग छापली. ते शिकणं होतं ना. ते कंपनीच्या पोर्टलवर कोण शिकवणार.

आणि वाचायचं म्हणाल तर वन नेशन वन सबस्क्रिप्शन, म्हणजे सरकारनं जर्नल्सची वर्गणी एकत्र भरायची योजना, १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालंय, ३० प्रकाशकांची जवळपास १३,००० जर्नल्स, पण ते सरकारी संस्थांना. मला युनिव्हर्सिटीत बसून मिळतं. मॅडम तुमच्या कॉलेजात तुम्हाला नाही मिळत. म्हणजे सोसायटीची सभासद तुम्ही, लेख लिहिणार तुम्ही, रिव्ह्यू करणार तुम्ही, आणि तुमच्या बीएस्सीच्या पोरानं उघडलं तर पैसे भरा म्हणून पान येणार. हे सभेत असंच सांगा, असंच्या असं.

संपादन_करतो

वरचं सगळं वाचलं. मी एका दुसऱ्या विषयाच्या सोसायटीच्या जर्नलचं संपादन बघतो, मानधन नाही, कॉलेज संपवून रात्री हेच काम. त्यामुळं दुसरी बाजू मांडतो आणि ती मनापासून मांडतो.

कंपनीकडे द्यायचं म्हटलं की सगळ्यांना पैशाचा वास येतो, पण आधी हे बघा की जर्नल चालतं कसं. एका लेखाला दोन रिव्ह्यूअर मिळायला सहा-सात जणांना विचारावं लागतं, त्यातले तीन उत्तरच देत नाहीत, एक हो म्हणतो आणि दोन महिने गप्प, त्याला आठवण करायची, मग लेखकाचा फोन येतो की सर माझं प्रमोशन अडकलंय. साहित्यचोरी तपासायच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स, डीओआय (प्रत्येक लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) घेणं, पानं लावणं, संदर्भ तपासणं, आणि यातलं एक जरी माणूस आजारी पडलं की अंक लांबतो. स्कोपससारख्या आंतरराष्ट्रीय सूचीत जर्नल घ्यायचं तर अंक ठरल्या वेळी निघतात का ही मूळ अटींपैकी एक अट आहे. यूजीसीनं २०२५ मध्ये केअर यादीच (मान्य जर्नल्सची यादी) बंद केली, त्यामुळं आधी त्या यादीवर टिकलेल्या सोसायटीच्या जर्नल्सना आता स्वतःची पत स्वतः सिद्ध करावी लागणार आहे. तुमच्या ज्येष्ठ सरांना जी काळजी वाटतेय ती खोटी नाही.

कुणीतरी म्हणेल ओजेएस आहे की, जर्नल चालवायचं फुकटचं सॉफ्टवेअर, डीओआयला लेखामागं साधारण एक डॉलर आणि वर्षाची वर्गणी. खरं आहे, मी ते वापरतो. पण सर्व्हर कोण बघणार, बॅकअप कोण घेणार, पासवर्ड जुन्या संपादकाच्या मेलवर अडकला तर काय, ही माणसं लागतात आणि सोसायटीकडं ती नसतात.

म्हणून माझं म्हणणं, कंपनी नको असं म्हणून जाऊ नका, कुठल्या अटीवर हवी ते घेऊन जा. जर्नलचं नाव कुणाच्या मालकीचं राहणार, जुने अंक कुणाचे, लेख घ्यायचा की नाही हे ठरवणारा संपादक कोण नेमणार, लेखकाकडून पैसे घेणार का, पाच वर्षांनी सोडायचं म्हटलं तर सगळ्या फाईल्स परत देणार का. हे पाच प्रश्न ज्या करारात नीट उत्तरलेले आहेत तो करार चांगला, मग कंपनी कुठलीही असो. एक गोष्ट तुमच्या विषयासाठी विशेष, १ जानेवारी २०१२ पासून नव्या वनस्पतीचं नाव आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख क्रमांक) असलेल्या ऑनलाइन पीडीएफमध्ये प्रसिद्ध झालं तरी वैध धरतात, छापील अंकाची सक्ती राहिली नाही. म्हणजे छपाई आणि पोस्टेज बंद करून बराच पैसा वाचवता येतो. त्याचा विचार झालाय का, हेही सभेत विचारा, कदाचित कंपनीची गरजच उरणार नाही.

गणिताचा_मास्तर

विषय माझा नाही पण राहवलं नाही म्हणून लिहितोय.

इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी १९०७ साली सुरू झाली ती व्ही. रामस्वामी अय्यर नावाच्या एका डेप्युटी कलेक्टरच्या पुढाकारानं. पुस्तकं आणि परदेशी नियतकालिकं एकेकट्याला परवडत नव्हती म्हणून वर्गणी काढून ती घ्यायची आणि सभासदांनी पोस्टानं एकमेकांत फिरवायची, ही सुरुवात. तिचं ग्रंथालय पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात होतं. पुढं त्यांनी स्वतःचं जर्नल काढलं आणि १९११ साली त्यात रामानुजन यांचा पहिला पेपर आला, बर्नुली संख्यांवरचा. तेव्हा त्यांच्याकडं ना पदवी होती ना धड नोकरी. सभासदांच्या पैशावर चालणारं आणि सभासदांनीच चालवलेलं जर्नल होतं म्हणून ते झालं असं मला ठामपणे वाटतं.

आता कंपनीबरोबर जाऊनही आपलं राखता येतं याचं उदाहरण. बंगळूरची इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेस, १९३४ साली सी. व्ही. रामन यांनी स्थापन केलेली. तिनं २००७ पासून आपली जर्नल्स स्प्रिंगर या परदेशी प्रकाशन कंपनीबरोबर काढायला घेतली, पण लेख ॲकॅडमीच्या स्वतःच्या वेबसाइटवर फुकट वाचायला ठेवले. बाहेरच्या देशातली लायब्ररी स्प्रिंगरकडून घेते, आणि गडहिंग्लजचा मास्तर ॲकॅडमीच्या साइटवरून वाचतो. दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं. तुमच्या सोसायटीनं ही अट कंपनीपुढं ठेवली होती का, ठेवली असेल तर कंपनी काय म्हणाली, हे सभेत विचारायलाच हवं.

मसाई_पठार

सगळ्यांचे खूप आभार, इतकं मनापासून कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

खजिनदार काका, अहवाल शेवटून वाचला. आजीव सभासदांची फी वेगळ्या निधीत आहे आणि एफडी जागच्या जागी आहे, मोडलेली नाही, हे बघून बरं वाटलं. पण जर्नलचा खर्च वेगळा दाखवलेला नाहीये, छपाईत अधिवेशनाची गोषवारा-पुस्तिका, पत्रकं, प्रमाणपत्रं सगळं एकत्र आहे. त्याची फोड मागणारा मेल केला.

नियमावली मागवली, दुसऱ्या दिवशी लगेच आली, सेक्रेटरी मॅडम चांगल्या बोलल्या फोनवर. दुरुस्तीची सूचना पूर्ण मजकुरासह २१ दिवस आधी द्यायची असं त्यात आहे, आणि चार ओळींत पूर्ण मजकूर नाही. त्यांना तसं सांगितलं तर म्हणाल्या की बरोबर आहे, मी अध्यक्षांशी बोलते, तो विषय बहुतेक पुढं जाईल. शाखांच्या जागा काढायला माझा व्यक्तिशः विरोधच आहे. ऑनलाइन मतदान आलं पाहिजे, घरी बसलेल्या सभासदाला मत मिळालं पाहिजे, पण त्यासाठी शाखांच्या जागा काढायची गरज नाही, दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. देशभरातून मोजलं तर मोठ्या शहरांतल्या मोठ्या संस्थांचेच लोक निवडून येणार, कोल्हापूर, जळगाव, सिल्चर कुठं येणार त्यात?

शाखेचं परत ऑनलाइन बोलणं झालं. यावेळी 'योग्य वाटेल ते करा' नको असं मी सांगितलं. ज्येष्ठ सरांना संपादक महोदयांचे पाच प्रश्न आणि गणिताच्या सरांनी दिलेलं ॲकॅडमीचं उदाहरण वाचून दाखवलं, तर सर म्हणाले, मला एवढंच हवं होतं, जर्नल वेळेवर निघू दे, कुणाकडून निघतं याला महत्त्व नाही. आणि सगळ्यांनी मिळून लेखी दिलंय की मसुदा सभासदांनी वाचल्याशिवाय कोल्हापूर शाखा करार मंजूर करणार नाही, मसुदा सभेपुढं आला आणि त्यात लेख सोसायटीच्या साइटवर मोफत राहत असतील तर बाकीचं तिथं ऐकून मी ठरवायचं. म्हणजे जिथं शाखेचं एकमत आहे तिथं माझे हात बांधलेले आणि जिथं नाही तिथं मोकळे. मला हे पटलं. तिथलं काही न ऐकताच मत देऊन यायचं असेल तर मग माणूस पाठवायचाच कशाला, पण सगळंच मोकळं सोडलं तर शाखा पाठवतेय कुणाला.

५ व्या विषयावर सभेत मांडायची उपसूचना अशी टाईप केलीय, बघा बरं:

"जर्नल प्रकाशनाच्या कराराचा पूर्ण मसुदा सर्व सभासदांना ३० दिवस आधी पाठवावा आणि नंतरच मंजुरीस ठेवावा. जर्नलचे नाव व मागील अंक सोसायटीच्या मालकीचे राहावेत. प्रसिद्ध झालेले लेख सोसायटीच्या संकेतस्थळावर मोफत उपलब्ध ठेवण्याचा प्रयत्न करावा. जिल्हा व प्रादेशिक वनस्पतींच्या नोंदींसाठी प्रत्येक अंकात जागा राखावी."

मराठी फक्त इथं तुमच्यासाठी, तिथं इंग्लिशमधून देणार. बोलताना हिंदी-इंग्लिश मिसळून बोलले तर चालेल ना, एवढीच थोडी धाकधूक आहे.

सातारा_हर्बेरियम

चालेल म्हणजे काय, पळेल. स्टेजवरचे पण तसंच बोलतात. कागद इंग्लिशमध्ये असू दे, तोंडानं तुम्हाला जमेल तसं बोला, फक्त सुरुवातीला नाव, सभासद क्रमांक आणि 'कोल्हापूर शाखेतर्फे' एवढं स्पष्ट म्हणा म्हणजे इतिवृत्त लिहिणाऱ्याला सोपं जातं.

मी त्याच सोसायटीचा आजीव सभासद आहे आणि नागपूरला येतोय, अनुमोदक म्हणून माझं नाव घाला, क्रमांक खाजगी निरोपात पाठवलाय. पण मजकुरात एक बदल हवाच. 'मोफत उपलब्ध ठेवण्याचा प्रयत्न करावा' हे काढा. प्रयत्न केला आणि जमला नाही असं पुढच्या वर्षी अहवालात येईल आणि तुम्हाला काही म्हणता येणार नाही. 'मोफत उपलब्ध राहतील अशी अट करारात असावी, अशी अट नसलेला करार मंजूर समजू नये' असं लिहा. शेवटच्या वाक्यातही 'जागा राखावी' म्हणजे किती? लघुनोंदी हा विभाग चालू ठेवावा आणि त्याचा संपादक सोसायटीच्या कौन्सिलनं नेमावा, असं म्हणा, कारण विभाग कागदावर राहिला आणि संपादक कंपनीचा असला तर आंबा घाटातलं गवत परतच येणार.

दहा-बारा प्रिंट काढून आणा, सभा सुरू व्हायच्या आधी अध्यक्ष, सेक्रेटरी आणि पहिल्या दोन रांगांना हातात द्यायच्या. ऐकून लक्षात राहत नाही, हातात असलं की लोक वाचतात.

मसाई_पठार

दोन्ही वाक्यं बदलली, तुमचं नाव अनुमोदक म्हणून घातलं, शाखेतल्या सगळ्यांना एकदा दाखवून आत्ताच सेक्रेटरी मॅडमना मेल केला. प्रिंट उद्या काढते. कंदीलपुष्प, शनिवारी दुपारी डिपार्टमेंटला येते, तुला पोस्टर समजावून सांगायला, डेटाची शीट घेऊनच येते.